प्रमाणपत्रांच्या फोटोंऐवजी पंपाचे आकडे टाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या मुलांनी पहिल्या वर्षापासूनच लिंक्डइनवर आपले ‘प्रोफाइल’ घडवायला घ्यावे, असा सल्ला देणारा लेख आपल्या शिक्षणाच्या पानावर वाचला. लेखक प्लेसमेंटच्या बाजूने बोलतात आणि त्या बाजूने त्यांचे काही चुकलेले नाही. मी शिकवणाऱ्याच्या बाजूने लिहिते आहे. पश्चिम उपनगरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी यंत्र शाखेच्या तिसऱ्या वर्षाला पंप आणि टर्बाइन शिकवते. गेली काही वर्षे मी वर्गासाठी लिंक्डइन वापरते आहे आणि बहुतेक ठिकाणी ते ज्या तऱ्हेने वापरून घेतले जाते, त्याला माझा विरोध आहे.

काय चालते ते पालकांना कदाचित ठाऊक नसेल. दोन दिवसांचे वर्कशॉप झाले की मुलाने प्रमाणपत्र हातात धरून फोटो टाकायचा, ‘थ्रिल्ड टू अनाउन्स’ने सुरुवात करायची, विभागप्रमुख, प्राचार्य आणि जमल्यास संस्थाचालकांनाही टॅग करायचे. मग वर्गातल्या सगळ्यांनी खाली ‘काँग्रॅट्स’ लिहायचे. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून मुले ही ‘काँग्रॅट्स’ उरकत असतात. काही ठिकाणी सत्राला अमुक इतक्या पोस्ट सक्तीच्या आहेत आणि त्यांचे स्क्रीनशॉट फायलीला लागतात. त्यामागे कारणही आहे. देशोदेशीच्या अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत 2014 साली पूर्ण सदस्य झाला. पदवीधराला नुसती गणिते सोडवता येऊन भागणार नाही, त्याला गटात काम करता यावे, आपले म्हणणे मांडता यावे, पुढेही स्वतःहून शिकत राहता यावे, या अपेक्षा एनबीएच्या, म्हणजे अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, मूल्यांकनात आल्या. अपेक्षा रास्तच आहेत. पण आपल्याकडे पुरावा मागितला की आधी पुरावा तयार होतो, काम राहते मागे. ‘टीमवर्क’च्या रकान्यासमोर चौघांचा हसरा फोटो चिकटवला की रकाना भरतो.

या सगळ्यात ज्या गोष्टीसाठी हे माध्यम खरोखर कामाचे आहे ती सुटून जाते. लिंक्डइन 2003 मध्ये सुरू झाले ते नोकरी-धंद्याच्या ओळखींसाठी. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते 26 अब्ज डॉलरहून जास्त किमतीला घेतले. कोणी ते वर्गात शिकवण्यासाठी बनवलेले नाही. तरी तिथे एक गोष्ट आहे जी आमच्या चार भिंतींत नाही: काम करणारे इंजिनीअर, स्वतःच्या नावाने आणि हुद्द्यासह. आमचेच माजी विद्यार्थी तिथे आहेत. कोणी पंप बनवणाऱ्या कारखान्यात टेस्ट बेडवर आहे, कोणी ठाणे-बेलापूर पट्ट्यात मेंटेनन्सला आहे, कोणी महापालिकेच्या कंत्राटदाराकडे साइटवर. आपल्या नावाखाली लिहायचे म्हटल्यावर माणूस जरा विचार करून लिहितो.

व्हॉट्सॲप का नाही, असे मला विचारले जाते. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. ‘लेक्चर आहे का?’ आणि ‘सबमिशन पुढे गेलं का?’ यांसाठी तो उत्तम. पण तिथे सोमवारी विचारलेला प्रश्न मंगळवारी वाढदिवसाच्या केकखाली गाडला जातो. शिवाय बाहेरच्या माणसाला आत घेतले की सगळ्या मुलींचे मोबाइल नंबर त्याच्या हाती पडतात. ते मला चालत नाही. गूगल क्लासरूममध्ये शिस्त आहे, पण ती वर्गाची खोली आहे. बाहेरचे कोणी येत नाही आणि सत्र संपले की खोलीला कुलूप.

कॉम्प्युटरच्या मुलांना ही अडचण कधी आलीच नाही. प्रोग्राम ठेवायचे गिटहब आणि प्रोग्रामिंगचे प्रश्न विचारायचे स्टॅक ओव्हरफ्लो दोन्ही 2008 पासून आहेत. त्यांच्या प्रोजेक्टमध्ये कोणी किती ओळी लिहिल्या, केव्हा लिहिल्या, कोणाची चूक कोणी दुरुस्त केली, याची नोंद आपोआप राहते. प्रश्न नीट विचारला नाही तर चार परके लोक तिथल्या तिथे टोकतात, त्यामुळे प्रश्न विचारायची शिस्तही लागते. ही मुले एकमेकांच्या चुका वाचून शिकतात आणि त्यात त्यांना लाज वाटत नाही. आमच्या यंत्र आणि स्थापत्य शाखांत अजून मागच्या वर्षीचे जर्नल खालच्या वर्गाला वारशाने मिळते, रीडिंगसकट. प्रयोग करण्याआधीच उत्तर माहीत असते, आणि मग उत्तराला शोभतील अशी रीडिंग पेन्सिलीने लिहिली जातात. (हे वाचून कोणी सहकारी रागावतील. त्यांनी आपल्या लॅबमधली दोन वर्षांची जर्नले शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत.)

म्हणून मी काय करते ते सांगते. वर्गाचा लिंक्डइनवर बंद गट आहे. शोधून सापडत नाही, आतल्यांनाच दिसतो. चार-चार मुलांच्या तुकड्या. प्रत्येक तुकडीने सत्रात एकदा आपल्या प्रयोगातली किंवा मिनी प्रोजेक्टमधली न जमलेली गोष्ट आकड्यांसह मांडायची. जमलेली मांडायची नाही. या एका अटीने निम्मे काम होते, कारण जमलेल्या गोष्टीखाली ‘काँग्रॅट्स’शिवाय काही लिहिता येत नाही.

आमच्या लॅबमधल्या सेंट्रिफ्यूगल पंपाची गोष्ट सांगितली तर मुद्दा कळेल. एका तुकडीला हेड (पंप पाणी किती उंच चढवतो) आणि डिस्चार्ज (किती पाणी देतो) यांचा आलेख काढायचा होता. पाणी बाहेर सोडणारा डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्ध्याच्या पुढे उघडला की आलेख एकदम खाली कोसळत होता आणि पंपातून खडी दळल्यासारखा आवाज येत होता. त्यांनी पहिली पोस्ट लिहिली ती अशी, की आम्ही सेंट्रिफ्यूगल पंपाचा प्रयोग यशस्वीरीत्या पार पाडला. मी ती परत पाठवली. दुसऱ्या वेळी आवाजाचा व्हिडिओ आला, आलेख आला आणि प्रश्न आला: हे कॅव्हिटेशन (दाब फार उतरल्याने पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणे) आहे का, आणि असेल तर का? आमच्या हिशेबाने तर ते व्हायला नको.

हिशेब बरोबर होता. समुद्रसपाटीला हवेचा दाब म्हणजे पाण्याची साधारण 10.3 मीटर उंची. 30 अंशाला पाण्याच्या बाष्पदाबाचे त्यातून जेमतेम 0.43 मीटर जातात. आमच्या टाकीतल्या पाण्यापासून पंप दीड मीटर वर आहे. म्हणजे पाइपातल्या घर्षणाचे थोडे वजा केले तरी आठ मीटरच्या आसपास एनपीएसएच, म्हणजे पाण्याची वाफ होऊ न देणारा जादा दाब, शिल्लक राहतो आणि एवढ्याशा पंपाला तो पुरून उरतो. कागदावर पंप सुखात होता.

सर्वांत आधी आमच्याच एका माजी विद्यार्थ्याचे उत्तर आले, आणि ते ठाम होते: ग्लँडमधून (पंपाचा दांडा आत जातो त्या सांध्यातून) हवा आत जाते आहे, तिथले पॅकिंग बदला. ठाण्यात राहणारे, सगळी हयात पंपांच्या सर्व्हिसिंगमध्ये गेलेले एक निवृत्त गृहस्थ गटात आहेत. त्यांनी उत्तर दिलेच नाही. त्यांनी विचारले, ‘व्हॅक्यूम गेज काय दाखवतो? व्हॉल्व्ह बंद असताना आणि पूर्ण उघडल्यावर, दोन्ही सांगा.’

रीडिंग मुलांच्या तक्त्यात पडूनच होते. सूत्रात टाकण्यापलीकडे त्यांनी त्याच्याकडे पाहिले नव्हते. व्हॉल्व्ह बंद असताना पाऱ्याचे 110 मिलिमीटर, म्हणजे बरोबर दीड मीटर पाणी. उघडल्यावर 500 च्या वर. म्हणजे पंपाच्या तोंडाशी दीड मीटरची नव्हे, जवळजवळ सात मीटरची ओढ होती. मधले पाच मीटर कोण खात होते? हवा शिरत असती तर गेज एवढा चढला नसता, उलट उतरला असता. सक्शनला, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूला, कुठेतरी पाणी अडत होते.

माजी विद्यार्थी हार मानायला तयार नव्हता. त्याने सुचवले, ग्लँडवर ग्रीस थापा. हवा जात असेल तर आवाजात फरक पडेल. मुलांनी थापले आणि फरक पडला, पण उलटा. आवाज वाढला! मुले घाबरली; आपण पंप बिघडवला असेच त्यांना वाटले. निवृत्त गृहस्थांनी समजावले की दोघेही बरोबर आहेत. टाकीतल्या पाइपाच्या तोंडाची गाळणी तुंबलेली आहे म्हणून कॅव्हिटेशन होते आहे, आणि ग्लँडमधून थोडी हवाही जाते आहे. ती थोडी हवा बुडबुड्यांच्या फुटण्याला उशीसारखी आड येत होती. ती बंद केल्याबरोबर खरा आवाज ऐकू आला. कित्येक ठिकाणी मेंटेनन्सवाले मुद्दाम चिमूटभर हवा सोडून आवाज दाबतात, रोग तसाच राहतो, हेही त्यांनी जाता जाता लिहिले. मी इतकी वर्षे कॅव्हिटेशन शिकवते; फळ्यावर मी ते असे कधी शिकवू शकले नसते. कारण माझ्या फळ्यावरच्या पंपात एका वेळी एकच दोष असतो.

त्या पाइपाच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह वर काढला. गाळणीवर शेवाळ आणि कॉटन वेस्टचे धागे बसलेले. धुऊन बसवल्यावर गेज खाली आला, आलेख नीट झाला, आवाज बराचसा गेला. राहिलेला पॅकिंग बदलल्यावर गेला. आणि मग कळले की आमच्या लॅबमधले काका दोन वर्षांपासून फूट व्हॉल्व्ह काढून धुवा म्हणून सांगत होते. त्यांचे लिंक्डइनवर खाते नाही. त्यांचे ऐकायला तर गटाचीही गरज नव्हती. मुलांनी शेवटच्या पोस्टमध्ये त्यांचे नाव सर्वांत वर घातले, ते बरे केले. पुढच्या तुकडीला मी आता सांगते की बाहेर विचारण्याआधी काकांना विचारा, आणि विचारल्याचे पोस्टमध्ये लिहा.

त्या धाग्यावर आणखी एक गोष्ट झाली. दुसऱ्या तुकडीने गेजच्या रीडिंगवरून सक्शनमधला तोटा काढणारी एक्सेल शीट करून टाकली. तिसऱ्या तुकडीने तिच्यातली चूक दाखवली: गेज पाइपाच्या मध्यापासून किती उंचीवर आहे ते धरलेच नव्हते. आज ती शीट खालचा वर्ग वापरतो. वारसा म्हणून जर्नलऐवजी हे मिळत असेल तर माझी हरकत नाही.

भाषेचेही सांगायला हवे. कर्जत, वाडा, पालघर इकडून मराठी माध्यमातून आलेली मुले वर्गात तोंड उघडत नाहीत. इंग्रजी पोस्ट लिहायची म्हटली की ती एआयकडून लिहून घेतात, आणि मग सगळ्याच तुकड्यांची भाषा एकसारखी गुळगुळीत होते. मी गटात मराठी आणि हिंदी सरसकट चालू केली. तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईने 2021 पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आहे, तेव्हा कोणी नाक मुरडायचे कारण नाही. ‘पंप पाणी धरत नाही’ असे एका मुलीने लिहिले आणि तिला तीन उत्तरे आली, तिन्ही मराठीत. शॉपफ्लोअरवर लोक तसेच बोलतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुले तर यात सगळ्यांच्या पुढे असतात. त्यांनी हाताने गास्केट कापलेले असते.

सगळे गोड आहे असे नाही. स्थापत्य शाखेतल्या माझ्या सहकाऱ्याने अंधेरीच्या गोखले पुलावर हाच प्रयोग केला. 2024 च्या फेब्रुवारीत नव्या पुलाची एक बाजू उघडली तेव्हा तो आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या उंचीत दीड-दोन मीटरचा फरक निघाला, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. पुढे जॅक लावून बर्फीवाला पुलाचा भाग उचलला आणि जुलैत जोड खुला झाला. जॅकिंग, बेअरिंग, पेडेस्टल शिकवायला याहून चांगले उदाहरण मुंबईत मिळायचे नाही. मुले रोज त्याच्याखालून येतात. पण सहकाऱ्याने चर्चा खुल्या भिंतीवर ठेवली होती. दोन दिवसांत तिथे मीम आले, राजकारण आले, आणि बेअरिंगबद्दल नेमका प्रश्न विचारणारा मुलगा शंभर प्रतिक्रियांच्या तळाशी गेला. त्या भिंतीवर काय वर येणार ते चिडलेल्या माणसांच्या संख्येवर ठरते. म्हणून माझा आग्रह बंद गटाचा. विद्यार्थ्याने विसाव्या वर्षी विचारलेला बाळबोध प्रश्न त्याच्या पंचविसाव्या वर्षीच्या मुलाखतीत निघू नये, हेही त्यामागे आहेच.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालच्या व्यक्तीला बालक मानतो आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. पहिल्या वर्षाची कितीतरी मुले सतरा वर्षांची असतात. त्यांना खाते उघडायची सक्ती करणाऱ्या कॉलेजांनी याचा विचार केला आहे का? माझ्याकडे तिसऱ्या वर्षालाही सक्ती नाही. ज्याला खाते नको त्याची पोस्ट तुकडीतला दुसरा टाकतो, खाली चौघांची नावे. इंटर्नशिपला गेल्यावर कारखान्यातल्या यंत्राचा फोटो टाकायचा नाही, हे मी इतक्यांदा सांगते की मुले माझी नक्कल करतात. ‘इंटर्नशिप देतो, नोंदणी शुल्क भरा’ असे निरोप मुलांना इथेच येतात. पैसे मागितले की संपर्क तोडायचा.

आता गुणांचे. गुणांशिवाय आमची मुले हलत नाहीत, आणि केटीची (विषय मागे राहण्याची) टांगती तलवार पाहता मी त्यांना दोष देत नाही. टर्मवर्कच्या (सत्रभरातल्या कामाच्या) 25 गुणांतले काही मी या कामाला ठेवते. प्रश्न नेमका आहे का, त्यात रीडिंग आहेत का, दुसऱ्या तुकडीच्या प्रश्नाला उत्तर दिले का, आणि सर्वांत जास्त गुण ‘मग पुढे काय झाले’ या शेवटच्या पोस्टला. उत्तर मिळाल्यावर गायब होणारे खूप असतात. लाइक किती आले याला शून्य. व्हायवाला मी पोस्टच समोर ठेवते आणि तुकडीतल्या सर्वांत गप्प मुलाला विचारते, गेज का चढला?

विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाला आणि मूल्यांकनाला येणाऱ्या समित्यांना माझी विनंती आहे की स्क्रीनशॉट मागू नका. आलाच आहात तर कोणताही एक धागा उघडा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. दहा मिनिटांत कळेल मुले शिकली की नाही. दुसरे असे, की असा गट चालवायला शिक्षकाचे आठवड्याचे दोन-तीन तास जातात आणि ते वर्कलोडमध्ये कुठेच धरले जात नाहीत. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुण प्राध्यापकाने हे फुकट करावे, असे मी म्हणणार नाही.

शेवटची विनंती आपल्या वाचकांना. आपल्यात निवृत्त आणि कामावरचे इंजिनीअर पुष्कळ असतील. रेल्वेचे, बेस्टचे, महापालिकेचे, कारखान्यांतले. नवे सत्र सुरू झाले की जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विभागप्रमुखांना दोन ओळींचे पत्र टाका: मी अमुक यंत्रावर इतकी वर्षे काम केले आहे, मुलांच्या प्रश्नांसाठी पंधरवड्यातून अर्धा तास देऊ शकतो. भाषण द्यायला बोलावले तर नाही म्हणा. मोबाइल नंबर देऊ नका, गटातच लिहा. आणि मुलांनी प्रश्न टाकला की लगेच उत्तर देऊ नका. आधी गेज काय दाखवतो ते विचारा.

आपली,
यंत्र अभियांत्रिकीची एक प्राध्यापिका,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई

(नाव व महाविद्यालय संपादकांना कळवले आहे, छापू नये ही विनंती.)